मूळ गाव कोणतं?

नाच कधी सुरू होतो म्हणून चुळबुळणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

मी इथल्याच, एकलहऱ्याच्या थर्मल वीज केंद्राच्या कॉलनीत वाढलो. आता कॉम्प्युटर गेमचे सर्व्हर सांभाळतो. म्हणजे नक्की काय करतो, हे आईला कधी धड सांगता आलं नाही. सांगायची सोय झाली ती नाशिकच्या रामकुंडावर.

वडील गेले तेव्हा विधींसाठी तिथे, पंचवटीत गेलो. तिथे तीर्थोपाध्यायांची कितीतरी घरं, आणि प्रत्येकाकडे आपापल्या यजमानांच्या नामावळ्या. आमची कुणाकडे, ठाऊक नव्हतं. एका गुरुजींनी आडनाव विचारलं, गाव विचारलं. म्हटलं, "एकलहरे." ते हसले. "ते नोकरीचं. मूळ गाव?"

आत्याला फोन लावला. तिने चोपडा तालुक्यातलं गाव सांगितलं, आणि गुरुजींनी सरळ एका वाड्याकडे बोट दाखवलं. तिथे आधी यादी उघडली, मग वही. थोड्याच वेळात आजोबांची वेडीवाकडी सही समोर! घरोघर वह्या चाळाव्या लागल्या नाहीत.

आमच्या सर्व्हरचंही असंच. आता 'सेकंड लाइफ' घ्या. २००३ साली खुलं झालेलं आभासी जग. तिथली जमीन २५६ मीटर लांब-रुंद चौकोनांत विभागलेली. हे चौकोन अनेक सर्व्हरवर वाटलेले. तुम्हाला टोप्यांचं दुकान हवंय. एकेका सर्व्हरला विचारत बसलात तर सगळ्यांत सुस्त सर्व्हरसाठी ताटकळाल, आणि विचारणारे लाखभर झाले की खेळच अडकेल. म्हणून कुठलं दुकान कुठे, याची सूची आधीच करून ठेवायची. तीही फुगली की तिचे तुकडे करायचे. पण कुठला तुकडा कुणाकडे, याचा नियम पक्का हवा. पंचवटीत तो नियम मूळ गावाचा.

राहतं गाव का नाही? ते बदलतं! खेळातलं पात्रसुद्धा या सर्व्हरवरून त्या सर्व्हरवर उड्या मारतं, म्हणून त्याला जन्मभराचा एकच क्रमांक देतात, १२८ बिटांचा. दुकान हललं की सूची मात्र शिळी होते, ती ताजी ठेवण्यातच आमच्या रात्री जातात. पंचवटीत उपाध्याय वही ताजी ठेवायला आलेल्या यजमानाकडूनच नवी नावं लिहून घेतात. माझ्या मुलीचं नाव त्या दिवशी असंच चढलं.

मूळ एकलहऱ्याचे असाल त्यांचं सोपं आहे. बाकीच्यांनी आज घरी गेल्यावर आजीला मूळ गाव विचारा आणि लिहून ठेवा. माझ्या वेळी आत्याने फोन उचलला, म्हणून निभावलं.