संध्याकाळीं पांच वाजतांचा विजय

मी लहान असतांना आमच्या वाड्यांत एक पेन्शनर कारकून राहत असत. १९६८-६९ चा तो काळ. सकाळीं वर्तमानपत्र आलें कीं ते चष्मा पुसून व्हिएतनामच्या युद्धाची बातमी शोधीत आणि शत्रूचे जितके सैनिक ठार झाल्याचें तींत दिलेलें असे तितका आकडा जुन्या दिनदर्शिकेच्या पाठीवर टिपून ठेवीत. महिनाअखेर बेरीज होई. एके दिवशीं ते माझ्या वडिलांना म्हणाले, "अण्णा, या हिशेबानें तिकडे आतां लढावयास माणूस उरतां कामा नये. मग हे रोज मरतात ते कोण?" वडील हंसले. मला त्यांतलें मर्म तेव्हां कळलें नाहीं. पुढें पस्तीस-छत्तीस वर्षें मास्तरकी केली, असंख्य पत्रकें भरलीं, तेव्हां तें हळूहळू उमगत गेलें.

युद्ध चालूं असतांना सायगॉन शहरांत अमेरिकन सैन्याचे अधिकारी दररोज संध्याकाळीं पांचच्या सुमारास वार्ताहरांना एकत्र बोलावून दिवसभराचा वृत्तांत ऐकवीत. अमुक डोंगरापाशीं चकमक झाली, अमुक इतके शत्रु पडले, आपली हानि 'किरकोळ' किंवा 'मध्यम'. जे वार्ताहर सकाळीं हेलिकॉप्टरमधून जाऊन तीच चकमक डोळ्यांनीं पाहून आलेले असत, त्यांना संध्याकाळीं तिचें वर्णन ऐकून ती ओळखूं येत नसे. त्यांनीं या बैठकीला 'पांच वाजतांचा फार्स' अशा अर्थाचें नांव पाडलें, आणि इतिहासांत तेंच राहिलें.

आतां हे अधिकारी झाडून सारे खोटारडे होते असें मात्र समजूं नये. अडचण निराळीच होती. पूर्वींच्या युद्धांत नकाशावर एक रेघ असे. ती आज दहा मैल पुढें सरकली, उद्यां पांच मैल मागें आली, हें शाळकरी मुलालाहि दिसे. व्हिएतनामांत अशी रेघच नव्हती. दिवसा भाताची लावणी करणारा शेतकरीच रात्रीं बंदूक घेऊन निघे. मग प्रगति मोजावी कशानें? रॉबर्ट मॅक्नमारा हे १९६१ पासून अमेरिकेचे संरक्षणमंत्री होते. फोर्ड मोटार कंपनीचें अध्यक्षपद सोडून ते या जागीं आले होते, आणि दुसऱ्या महायुद्धांत त्यांनीं विमानदलासाठीं आंकडेशास्त्राचें काम केलें होतें. मोजतां येईल तें मोजावें हा त्यांचा पिंडच. प्रेतें मोजतां येत होतीं. म्हणून प्रेतें मोजण्यांत आलीं. सेनापति जनरल वेस्टमोरलंड यांचा हिशेब असा कीं, शत्रूला जितकीं माणसें नव्यानें भरतां येतात त्यांहून अधिक पडूं लागलीं म्हणजे तो आपोआप थकेल. मग ज्या अधिकाऱ्याची बढती या आकड्यावर ठरावयाची, तो आकडा कमी कसा देईल? डग्लस किनार्ड या निवृत्त सेनाधिकाऱ्यानें पुढें व्हिएतनामांत काम केलेल्या सेनापतींना प्रश्नावली पाठविली, तेव्हां शेंकडा ६१ जणांनीं हे आकडे पुष्कळदां फुगविलेले असत असें कबूल केलें.

परंतु मला अधिक बोलका वाटतो तो वाड्यावस्त्यांचा तक्ता. जानेवारी १९६७ पासून दक्षिण व्हिएतनामांतील बारा हजारांवर वस्त्यांना सुरक्षिततेविषयीं दरमहा श्रेणी देण्यांत येऊं लागली. ए, बी, सी, डी, ई, अगदीं आपल्या प्रगतिपुस्तकासारखी! अठरा बाबी पाहून जिल्ह्याच्या अमेरिकन सल्लागारानें तक्ता भरावयाचा आणि मग तो गणकयंत्रांत जावयाचा. या सल्लागाराला बहुधा तेथील भाषा येत नसे, आणि पुष्कळ वस्त्यांत त्याचा पाय क्वचितच पडे. तरी १९६७ च्या अखेरीस निष्कर्ष निघाला कीं सुमारें दोन-तृतीयांश प्रजा सुरक्षित आहे.

येथें मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षीं मी एका लहानशा गांवीं होतों. कापणीचे दिवस, वर्गांतल्या बेचाळीस मुलांपैकीं सतरा-अठराच येत. मासिक पत्रकांत मीं खरी सरासरी लिहिली. मुख्याध्यापकांनीं तें शांतपणें परत केलें आणि म्हणाले, "मास्तर, मागच्या महिन्यांत नव्वद टक्के होती. एकदम इतकी उतरली तर वर खुलासा कोण देणार?" मीं आकडा बदलला. कोणी दमदाटी केली नव्हती कीं लांच दिली नव्हती. पुढच्या महिन्यांत तर त्यांना सांगावेंहि लागलें नाहीं. माझें मींच ठरविलें. त्यामुळें त्या जिल्हा सल्लागारांना हंसण्याचा अधिकार मला नाहीं.

सामान्य अमेरिकन नागरिकाला हे तक्ते दिसत नव्हते. तरी त्याचा विश्वास ढळत गेला. गॅलप संस्थेच्या चांचणींत ऑगस्ट १९६५ मध्यें शेंकडा २४ लोक व्हिएतनामांत सैन्य पाठविणें ही चूक झाली असें म्हणत होते. ऑक्टोबर १९६७ मध्यें हें प्रमाण ४७ च्या आसपास पोंचलें. हा अविश्वास कांहीं विद्वत्तेंतून आला नव्हता. आमच्या कारकुनांप्रमाणें लोक साधी बेरीज-वजाबाकी करीत होते. १९६५ च्या अखेरीस तेथें १ लाख ८४ हजार अमेरिकन सैनिक होते, १९६७ च्या अखेरीस ४ लाख ८५ हजार. विजय जवळ येत आहे, तर अधिक माणसें कशाला?

आंतल्या गोटांतहि हाच वाद पेटला होता. गुप्तचर खात्यांतील सॅम ॲडम्स नांवाचा एक तरुण विश्लेषक म्हणत होता कीं शत्रूचें बळ पांच लाखांच्या घरांत आहे. सैन्याच्या कचेरीनें गांवोगांवच्या स्वसंरक्षक दलांना मोजणींतूनच वगळलें आणि आकडा तीन लाखांच्या खालीं ठेवला. २१ नोव्हेंबर १९६७ रोजीं वेस्टमोरलंड यांनीं वॉशिंग्टनमध्यें पत्रकारांसमोर, शेवट आतां दृष्टिपथांत येऊं लागला आहे, असा आशय मांडला. त्यानंतर सुमारें दहा आठवड्यांनीं, ३०-३१ जानेवारी १९६८ च्या सुमारास, तेत या नववर्षाच्या सणांत शंभराहून अधिक शहरांवर व गांवांवर एकाच वेळीं हल्ले झाले. सायगॉनमधील अमेरिकन वकिलातीच्या आवारांतहि शत्रु शिरला.

आणि गंमत पाहा. वेस्टमोरलंड यांनीं लगेच सांगितलें कीं शत्रूचा डाव फसला असून त्याची प्रचंड हानि झाली आहे. आणि या वेळीं तें बव्हंशीं खरें होतें! हल्लेखोरांची अतोनात हानि झाली होती, जनतेचा उठाव झाला नव्हता, जिंकलेलीं शहरें त्यांना राखतां आलीं नव्हतीं. पण ऐकतो कोण? लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या पोराची गत झाली. २७ फेब्रुवारीस वॉल्टर क्रॉन्काइट या दूरदर्शनवरील वृत्तनिवेदकानें, हें युद्ध कोंडींत अडकलें आहे, असें आपलें मत सांगितलें तें मात्र घरोघर पटलें. ३१ मार्चला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनीं आपण पुन्हां निवडणुकीस उभे राहणार नसल्याचें जाहीर केलें.

लोकांची शंका किती रास्त होती हें जून १९७१ मध्यें पेंटॅगॉनचे गुप्त कागद न्यूयॉर्क टाइम्सनें छापूं लागल्यावर कळलें. सुमारें सात हजार पानांचा हा इतिहास लिहवून घेतला होता तो खुद्द मॅक्नमारा यांनीं!

इतक्यावर धडा मिळाला असेल असें वाटावें. पण अफगाणिस्तानांत पुन्हां वीस वर्षें तेंच चाललें. बाहेर प्रगतीचीं निवेदनें होत, आणि आंत अधिकारी सरकारी तपासनिसांजवळ वेगळेंच बोलत. त्या मुलाखती डिसेंबर २०१९ मध्यें वॉशिंग्टन पोस्टनें प्रसिद्ध केल्या. अफगाण सैन्य आणि पोलीस मिळून कागदावर तीन लाख. त्यांत पुष्कळ नांवें केवळ पगारपत्रकावरचीं होतीं. आम्हां मास्तरांना हा प्रकार नवा नाहीं. २०११ सालीं महाराष्ट्रांत पटपडताळणी झाली तेव्हां पटावरचीं कितीतरी मुलें वर्गांत सांपडलीं नव्हतीं. १५ ऑगस्ट २०२१ रोजीं काबूल पडलें तेव्हां ती तीन लाखांची फौज कोठें गेली असें जो तो विचारूं लागला. परंतु त्या फौजेंतले जे खरे होते, त्यांपैकीं साठ हजारांहून अधिक शिपाई व पोलीस तोंवर लढतां लढतां मरून गेले होते. आणि त्यांच्या मृत्यूचे आकडे २०१७ पासून गुप्त ठेवण्यांत आले होते.