पुडीतले खेळाडू

आमच्या लहानपणी जिंतुरात बबलगमच्या पुडीत क्रिकेटपटूंची चित्रं निघत. पोरं गम थुंकत आणि चित्र जपून ठेवत.

हा छंद फार जुना. इंग्लंडच्या विल्स कंपनीनं १८९६ साली सिगारेटच्या पाकिटात क्रिकेटपटूंची कार्डं घातली. त्यांत आपले रणजितसिंहजी होते. अमेरिकेत १९०९ ते १९११ या काळात बेसबॉलपटूंची कार्डं निघाली. होनस वॅग्नर या नामांकित खेळाडूच्या कार्डाची छपाई लवकरच थांबली, म्हणून ती मोजकीच उरली. २०२२ साली त्यांतलं एक साडेबहात्तर लाख डॉलरला गेलं!

आमच्या पुडीत पालवणकर बाळू मात्र कधी निघाले नाहीत. जातीमुळं पुण्यात त्यांना संघात जागा होती, पण चहा पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. त्याच बाळूंनी १९११च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले.

कार्ड दुर्मीळ झालं की त्याची किंमत वाढते. माणसाचं नाव दुर्मीळ झालं की ते पुसलंच जातं. तेव्हा गावच्या जुन्या कबड्डी, व्हॉलीबॉल संघाचा फोटो घरात असेल, तर त्यामागं सगळ्यांची नावं लिहून ठेवा. चेहरे ओळखणारी म्हातारी माणसं आहेत, तोवरच.