साच्यातून निघणाऱ्या रूपाचा धनी कोण?

(पेण येथे पेण-रोहे परिसरातील कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



कला आणि औद्योगिक डिझाइन यांचा संबंध हा विषय मुंबईच्या एखाद्या कलासंस्थेत शोभावा, असे आपल्याला वाटेल. वस्तुतः पेण शहरात आणि हमरापूर, जोहे या गावांत तो रोजच्या पोटापाण्याचा विषय आहे. येथे मूर्ती घडवणाऱ्यास आपण कलाकार म्हणतो आणि तो जेथे बसतो त्या जागेस गणपतीचा कारखाना म्हणतो. या दोन शब्दांतच आजचा सगळा वाद साठलेला आहे.

काम कसे चालते ते आपण जाणता. एक कसबी मूर्तिकार मातीत मूळ नमुना घडवतो. त्यावरून साचा निघतो आणि साच्यातून एकसारख्या शेकडो मूर्ती. साच्यातून मूर्ती न मोडता सुटावी, हात वेगळे काढून नंतर जोडता यावेत, लांबच्या प्रवासात सोंड तुटू नये, हा सारा विचार नमुना घडवतानाच करावा लागतो. पवईच्या आय.आय.टी.त १९६९ साली औद्योगिक डिझाइनचे केंद्र निघाले. एक वस्तू अनेकवार निघणार आहे हे ध्यानी घेऊन तिला रूप देणे, हेच त्या विद्येचे मर्म. पेणचे मूर्तिकार ही विद्या त्याआधीपासून जाणत होते. त्यांच्याजवळ पदवी तेवढी नव्हती. आणि साच्याचे काम संपले तरी कला संपत नाही. डोळ्यांची आखणी हातानेच होते. कुंचल्याच्या त्या दोन रेषांवाचून मूर्तीला भाव येत नाही.

म्हणजे कला आणि उद्योग येथे एकमेकांत मिसळलेले आहेत. त्यांची फारकत होते ती मोबदल्याच्या वेळी. मजुरीचा प्रश्न निघाला की सांगितले जाते, ही कला आहे, येथे घड्याळ कसले? आणि नमुना करणाऱ्याने आपल्या रूपावर हक्क सांगितला की उत्तर मिळते, हा तर कारखान्याचा माल आहे!

कायदाही या फारकतीला हातभार लावतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ नुसार, नोंदणीस पात्र असूनही न नोंदवलेले डिझाइन मालकाने अथवा त्याच्या परवान्याने औद्योगिक प्रक्रियेने ५० हून अधिक वेळा काढले, की त्यावरील कॉपीराइट संपतो. नोंदणी केली तर २००० च्या डिझाइन कायद्याने १० वर्षे, आणि मुदत वाढवल्यास आणखी ५ वर्षे संरक्षण मिळते. परंतु नोंदणीचा अर्ज माल बाजारात येण्यापूर्वी करावा लागतो. एखादी कृती निव्वळ कलाकृती की डिझाइन, हे त्या त्या प्रकरणी तपासून ठरवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली सांगितले. न्यायालयात हा वाद लढवण्याइतकी ऐपत नमुनाकाराजवळ कोठून येणार?

२०२३ साली पेणच्या गणेशमूर्तींना भौगोलिक मानांकन मिळाले. हा गौरव रास्तच आहे. परंतु मानांकन गावाच्या नावाचे रक्षण करते. नमुना कोणी घडवला, आखणी कोणी केली, याची नोंद त्यात होत नाही.

रोह्याहून आलेल्या साथींना एक सांगायचे आहे. धाटावच्या रसायन कारखान्यातील कामगाराला कोणी कलाकार म्हणत नाही. म्हणूनच त्याला पाळी, ओव्हरटाइम आणि भविष्यनिर्वाह निधी यांची भाषा बोलता आली. मूर्तीच्या कारखान्यांत माणसे थोडी. १९४८ च्या मूळ कायद्यात विजेवर चालणाऱ्या जागी १० कामगार आणि विजेविना २०, ही कारखान्याची मर्यादा होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या संहितेने ती २० आणि ४० केली. लहान कारखाना अशा रीतीने कायद्याच्या कक्षेतून आणखी दूर गेला. धाटावचा संघटनेचा अनुभव म्हणूनच पेणला हवा आहे.

आपल्या मागण्या साध्या असाव्यात. नव्या नमुन्याची नोंदणी करताना तो घडवणाऱ्याचे नाव लागावे आणि विक्रीत त्याचा वाटा लेखी ठरावा. आखणीचा नगामागचा दर हंगामापूर्वी जाहीर व्हावा. नोंदणीचा खर्च एकट्याला झेपणार नाही. तो सहकारी संस्थेने उचलावा. कलाकार म्हणून मान आणि कामगार म्हणून हक्क यांपैकी एक निवडा, असे कोणी म्हणेल, तर त्याला ठामपणे सांगा: हात एकच आहे, दोन्ही त्याचेच आहेत.