निघण्याचा ठराव आणि निघण्याची वाट

(सीमाभागातील तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात निपाणी येथे संपादकांनी केलेले भाषण)



तंबाखूच्या या पेठेत येऊन मी लंडनच्या पार्लमेंटची कथा सांगणार आहे, हे ऐकून कित्येकांना नवल वाटेल. घरचे झाले थोडे, आणि हा गृहस्थ विलायतेचे घोडे कशाला आणतो, असे कोणी मनात म्हणत असल्यास मी त्याला दोष देणार नाही. परंतु गेल्या काही वर्षांत सीमाभागात जेथे जेथे बोलण्याचा प्रसंग आला, तेथे तेथे तरुणांनी मला एकच प्रश्न विचारला आहे. ब्रिटनच्या जनतेला युरोपीय संघात राहायचे की नाही, हे मतपेटीने विचारण्यात आले. मग कोणत्या राज्यात राहायचे, हे आम्हाला आजवर कोणीच का विचारले नाही? प्रश्न रास्त आहे. परंतु ब्रिटनचे उदाहरण द्यावयाचे, तर ते अर्धे देऊन चालणार नाही. मत विचारल्यानंतर त्या देशात काय घडले, तेही पाहिले पाहिजे.

२३ जून २०१६ रोजी ब्रिटनमध्ये सार्वमत झाले. शेकडा ५१.९ मते संघ सोडण्याच्या बाजूने पडली, ४८.१ राहण्याच्या बाजूने. निकाल स्पष्ट होता. मात्र मतपत्रिकेवर राहावे की सोडावे, एवढेच विचारले होते. सोडावे ते कोणत्या अटींवर, याविषयी एक अक्षरही नव्हते. प्रत्येकाने आपापल्या मनातील सोडणे गृहीत धरून मत दिले होते. कोणाला व्यापाराचे नाते राखून निघायचे होते, कोणाला सारे दोर कापून. परिणामी वाटाघाटी करून पंतप्रधान थेरेसा मे यांनी जो करार आणला, तो त्यांच्याच पार्लमेंटने २०१९ च्या जानेवारी ते मार्च या अवधीत तीनदा फेटाळला. पहिल्या खेपेस तर २३० मतांनी. निघण्याची तारीख तीनदा पुढे ढकलावी लागली. मे यांचे पद गेले. त्यांच्यामागून आलेल्या बोरिस जॉन्सन यांनी पार्लमेंट स्थगित केले, ते तेथील सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये एकमताने बेकायदा ठरविले. अखेर ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन संघाबाहेर पडला. निघण्याचा ठराव एका दिवसात झाला. निघण्याची वाट सापडण्यास साडेतीन वर्षांहून अधिक काळ लागला.

आणि ही गाडी कोठे रुतली होती? कारणे अनेक होती; पण सर्वांत खोल चिखल होता तो आयर्लंडच्या सीमेचा. उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्ये, उरलेले आयर्लंड युरोपीय संघात, आणि मध्ये सुमारे ५०० किलोमीटरची रेषा. ती शेतांतून जाते, गावांतून जाते, नात्यागोत्यांतून जाते. दीर्घ रक्तपातानंतर १९९८ च्या शांतता करारामुळे त्या रेषेवरचे पहारे उठले होते. ब्रिटन संघाबाहेर पडताच तेथे पुन्हा जकातनाके उभे राहणार, या भयाने सारी वाटाघाट अडून बसली. शेवटी मालाची तपासणी त्या रेषेवरून हलवून समुद्राच्या अलीकडे, म्हणजे ब्रिटन आणि उत्तर आयर्लंड यांच्या दरम्यान नेण्यात आली. त्यावरही उत्तरेतील ब्रिटननिष्ठ मंडळी रुष्ट झाली. सोडण्याच्या गर्जना लंडनमध्ये झाल्या; पण उत्तर आयर्लंडने शेकडा ५५.८ मतांनी राहण्याचा कौल दिला होता. सीमेवरच्या माणसाचे मत मोजले गेले खरे, परंतु ते देशाच्या बेरजेत विरघळून गेले.

ही रेषा आली कोठून, याचा इतिहास आपण विशेष लक्षपूर्वक ऐकावा. १९२१ च्या तहात असे ठरले होते की, रहिवाशांच्या इच्छेनुसार एका आयोगाने सीमा पुन्हा आखावी. मात्र त्या कलमाला एक शेपूट जोडलेले होते: आर्थिक आणि भौगोलिक परिस्थितीशी जुळेल इतपतच. न्यायमूर्ती फीदम यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला. न्यूरी या शहरातील बहुसंख्य लोकांचा ओढा दक्षिणेकडे होता. तरीही आर्थिक कारण दाखवून ते उत्तरेतच ठेवण्याकडे आयोगाचा कल झाला. १९२५ च्या नोव्हेंबरात अहवालातील मजकूर वृत्तपत्रात फुटला, गहजब झाला, आणि डिसेंबरात तिन्ही सरकारांनी मिळून तो अहवाल कपाटात टाकला. रेषा होती तेथेच राहिली. अहवाल प्रसिद्ध झाला तो १९६९ मध्ये.

मित्रहो, यातील नावे बदला आणि पाहा, ही कथा कोणाची वाटते!

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातून उचलून आपल्याला म्हैसूर राज्यात घालण्यात आले. त्यापूर्वीच, १७ जानेवारी १९५६ रोजी, या निर्णयाचा निषेध करताना आपली माणसे गोळ्यांना बळी पडली होती. बेळगाव शहरात मराठी भाषक बहुसंख्य आहेत, हे खुद्द राज्य पुनर्रचना आयोगाने मान्य केले होते. तरी निर्णय विरुद्ध गेला. १९५७ साली मुंबई सरकारने केंद्राकडे निवेदन धाडले. १९६० साली दोन्ही राज्यांच्या चार प्रतिनिधींची समिती बसली आणि एकमत न होता उठली. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर १९६६ च्या ऑक्टोबरात न्यायमूर्ती मेहेरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. १९६७ साली त्याचा अहवाल आला. महाराष्ट्राने ८१४ गावे मागितली होती. आयोगाने निपाणी, खानापूर, नंदगड धरून २६४ देऊ केली, बेळगाव नाकारले, आणि उलट अक्कलकोटसारखा मुलूख कर्नाटकास द्यावा असे सुचविले. महाराष्ट्राने अहवाल फेटाळला, कर्नाटकाने उचलून धरला, आणि केंद्राने भिजत ठेवला. आमचे न्यूरी म्हणजे बेळगाव!

आता जे बोलणार आहे, ते बेळगावच्या माणसाने निपाणीत बोलणे अवघड आहे. म्हणूनच ते येथे बोलले पाहिजे. महाजन आयोगाने निपाणी महाराष्ट्राला दिली. कागदावर दिलेली ही निपाणी आजही मिळालेली नाही. तेव्हा येथील एखाद्या वडीलधाऱ्याने विचारले की, बेळगावच्या हट्टापायी आमच्या तीन पिढ्या का खोळंबल्या, तर त्याला फितूर म्हणण्याचा अधिकार मला नाही. त्याच्या प्रश्नाला उत्तर देणे मात्र माझे कर्तव्य आहे.

माझे उत्तर असे. त्या अहवालाने निपाणी दिली ती तडजोडीची भर म्हणून. लोकेच्छेचे तत्त्व म्हणून नव्हे. ते तत्त्व खरोखर मानले असते, तर तेच बेळगावलाही लागू झाले असते. शिवाय त्याच अहवालाने अक्कलकोटच्या माणसाला न विचारता त्याची रवानगी दुसऱ्या राज्यात केली. आपल्याला न विचारता आपले राज्य बदलले, हीच तर आपली मूळ तक्रार! मग स्वतःच्या सुटकेसाठी तोच अन्याय दुसऱ्याच्या माथी मारणाऱ्या कागदावर आपण सही कशी करावी? निपाणी मिळावी, परंतु ती हक्काने मिळावी. कोणाच्या बदल्यात नव्हे.

लोकांना विचारण्याची रीत आपल्या देशाला अपरिचित आहे, असेही नाही. आपल्या राज्यघटनेचे तिसरे कलम राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेला देते. राष्ट्रपतींनी संबंधित विधानमंडळांचे मत मागवावे, एवढीच अट आहे, आणि ते मत संसदेवर बंधनकारक नाही. रहिवाशांना विचारण्याची सक्ती तेथे नाही. पण बंदीही नाही. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्याच्या जनतेला प्रत्यक्ष विचारण्यात आले, आणि सुमारे ३४ हजारांच्या मताधिक्याने तिने महाराष्ट्रात विलीन होण्यास नकार दिला. तो निकाल महाराष्ट्राच्या मनाविरुद्ध होता. तरी महाराष्ट्राने तो मानला. कौल मागणाऱ्याने नकार ऐकण्याचीही तयारी ठेवली पाहिजे. ज्या गावाचा कौल आपल्या विरुद्ध जाईल, ते गाव आपण सोडले पाहिजे; हे बोलण्याचे धैर्य ज्याच्या अंगी नाही, त्याने लोकेच्छेचे नाव घेऊ नये.

तेव्हा ब्रिटनपासून आपण घ्यावयाचा धडा कोणता? घोषणेमागे आराखडा हवा, हा. कोणत्या आधारावर सीमा बदलावी, याचे उत्तर आपल्यापाशी आहे: खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. आंध्र आणि मद्रास यांच्या सीमेचा वाद पाटसकरांनी खेडे हा घटक मानूनच सोडविला, आणि १९५९ साली संसदेने त्याचा कायदा केला. परंतु आपल्या तालुक्यातील गावांची यादी आज तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? कोणते गाव कोणाला लागून आहे, हे नकाशावर बोट ठेवून किती जण दाखवतील?

त्याहून कठीण प्रश्न पुढे आहे. उद्या हा मुलूख महाराष्ट्रात गेला, तर येथील कन्नड बंधूंच्या शाळांचे काय? त्यांच्या दाखल्यांचे, सातबाराच्या उताऱ्यांचे, कचेरीतील अर्जांचे काय? १९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरुद्ध आपली माणसे प्राणास मुकली. सक्ती म्हणजे काय, हे ज्याने भोगले, त्याने विलीनीकरणाच्या मागणीतच लिहून दिले पाहिजे की, मराठीची सक्ती आम्ही कोणावर करणार नाही. शेजारच्या कन्नड शेतकऱ्याशी आपले भांडण नाही; बांध त्याचा-आपला एकच आहे. त्याला आपली भीती वाटत राहिली, तर न्यायालयात जिंकूनही आपण येथे सुखाने नांदणार नाही.

आणि शेवटचा धडा आपल्या घरातला आहे. ब्रिटनमध्ये निघणाऱ्यांचे आपसात जमले नाही, म्हणून वाटाघाटी विस्कटल्या. २०१८ च्या विधानसभा निवडणुकीत आपल्याच समितीचे दोन गट एकमेकांविरुद्ध उभे ठाकले आणि एकही जागा हाती लागली नाही. २०२३ मध्येही पाटी कोरीच राहिली. हा पराभव दुसऱ्या कोणी केलेला नाही. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला; २०२२ च्या डिसेंबरात मुंबई-नागपूरकरांनी ८६५ गावांचा ठरावही एकमताने केला. पण न्यायालयातील वकील आणि विधानसभेतील ठराव आपली एकजूट आपल्याला बांधून देऊ शकत नाहीत.

१९९८ च्या त्या आयरिश करारात एक वाक्य मोलाचे आहे. उत्तरेतील बहुसंख्य जनता ज्या दिवशी ऐक्य मागेल, त्या दिवशी ते देण्यास दोन्ही सरकारे बांधलेली आहेत. म्हणजे रेषा कायम असली, तरी दार बंद नाही, आणि त्याची किल्ली तेथील जनतेच्या हाती आहे. आपल्या दाराला अशी किल्ली आजवर कोणी केलीच नाही. ती करून द्या, हे आपले मागणे आहे. निपाणीला विचारा, बेळगावला विचारा, खानापूर, कारवार, भालकीला विचारा. गावोगाव विचारा, आणि जे उत्तर येईल ते माना.

येथून घरी जाल, तेव्हा एवढेच करा. आपल्या गावाचे नाव एका कागदावर लिहा, त्याच्या चारी शिवांना लागून असलेली गावे लिहा, आणि त्या गावातील कन्नड शेजाऱ्याला आपण कोणते अभिवचन देणार, ते त्याखाली लिहा. हुतात्म्यांनी निघण्याचा ठराव आपल्या रक्ताने लिहून ठेवला आहे. निघण्याची वाट आखण्याचे काम त्यांनी आपल्यावर सोपविले. ते आपण अद्याप पुरे केलेले नाही.

जय महाराष्ट्र!