मापाशी इमान : लढाऊ विमानाची प्रतिकृती आणि तिची दुरुस्ती



विमान हा आपल्या विद्यार्थ्यांच्या अतिशय आवडीचा विषय आहे. आकाशात घरघर ऐकू आली की वर्गातील सर्व माना खिडकीकडे वळतात. या आवडीचा हस्तव्यवसायाच्या तासाला उपयोग करून घ्यावा, असे पुष्कळांना वाटते व ते योग्यच आहे. तथापि विमानासारखे काहीतरी करणे वेगळे, आणि एका विशिष्ट विमानाची प्रमाणबद्ध प्रतिकृती करणे वेगळे. पहिल्यात करमणूक आहे. दुसऱ्यात गणित, निरीक्षण व हाताचे वळण ही तिन्ही एकत्र येतात. या दुसऱ्या कामाविषयी आज काही विचार आपल्यापुढे मांडावयाचे आहेत.

उदाहरणादाखल दुसऱ्या महायुद्धातील ‘स्पिटफायर’ हे इंग्लंडचे लढाऊ विमान घेऊ. रेजिनाल्ड मिचेल या अभियंत्याने त्याचा आराखडा केला. ५ मार्च १९३६ रोजी त्याने पहिले उड्डाण केले. पुढल्याच वर्षी मिचेल निवर्तले. १९४० सालचे इंग्लंडवरील हवाई युद्ध त्यांना पाहावयास मिळाले नाही. त्या युद्धात स्पिटफायरच्या जोडीला ‘हरिकेन’ विमाने होती व समोर जर्मनांची ‘मेसरश्मिट १०९’ होती. तिन्ही एका आसनाची, एका इंजिनाची आणि खाली बसविलेल्या पंखांची. दुरून पाहणाऱ्यास ती सारखीच भासत. स्पिटफायरचा पंख लंबवर्तुळाकार होता. हरिकेनचा पंख जाड, कडा सरळ निमुळत्या होत गेलेल्या आणि पाठ कुबडासारखी उंच. मेसरश्मिटच्या ‘ई’ प्रकाराची पंखांची टोके चौकोनी छाटल्यासारखी होती.

एवढ्याशा फरकाला किती मोल असते ते पाहा. युद्ध पुकारल्यावर तिसऱ्याच दिवशी, ६ सप्टेंबर १९३९ रोजी, चुकीची इशारत मिळून इंग्लंडची विमाने आकाशात गेली. स्पिटफायरच्या वैमानिकांनी आपल्याच बाजूची दोन हरिकेन विमाने शत्रूची समजून पाडली. त्यांतील एक वैमानिक प्राणास मुकला. आकृती ओळखण्यात झालेली गफलत एका तरुणाच्या जिवावर बेतली.

विमाने ओळखण्याचे शिक्षण किती आवश्यक आहे, हे युद्धात सर्वांनाच पटले. १९४२ साली अमेरिकेच्या नौदलाने हे काम शाळांकडे सोपविले. पन्नास प्रकारची विमाने, प्रत्येकाचे दहा हजार नमुने, म्हणजे एकूण पाच लाख लाकडी नमुने विद्यार्थ्यांनी करून द्यावेत, अशी मागणी होती. सर्व नमुने एकास बहात्तर या प्रमाणात करावयाचे होते. नजर रंगाकडे न जाता आकाराकडेच जावी म्हणून ते काळे रंगवीत. असा नमुना ३५ फुटांवरून पाहिला की २,५२० फुटांवरील खऱ्या विमानाएवढा दिसतो. मात्र त्याचे माप चुकले असेल, तर पाहणारा चुकीचाच आकार मनात साठवितो. नमुना नसता तर तो निदान अनभिज्ञ राहिला असता. चुकीच्या नमुन्याने तो चुकीविषयी निःशंक होतो. आपण वर्गात जे जे शैक्षणिक साहित्य वापरतो, त्या सर्वांस हे लागू आहे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. प्रारंभीच्या स्पिटफायरच्या पंखांचा एकूण विस्तार ११.२३ मीटर व लांबी ९.१२ मीटर होती. ७२ ने भागले असता प्रतिकृतीचा विस्तार १५.६ सेंटिमीटर व लांबी १२.७ सेंटिमीटर येते. हरिकेनचा विस्तार १२.१९ मीटर होता. प्रतिकृतीत तो १६.९ सेंटिमीटर होईल. म्हणजे दोन भिन्न विमानांच्या प्रतिकृतींत अंतर अवघे १३ मिलिमीटर! ‘एका सेंटिमीटरने काय बिघडते?’ असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्यास हे उत्तर पुरेसे आहे. प्रतिकृतीतील एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानातील ७२ मिलिमीटर, हा हिशेब सहावी-सातवीच्या मुलांनी स्वतः मांडावा.

साहित्य साधेच लागते : पांगाऱ्यासारखे मऊ लाकूड, पुठ्ठा, कानस, पॉलिश कागद, सरस आणि पट्टी. पंखाचा साचा पुठ्ठ्यावर पूर्ण न काढता अर्धाच काढावा. तोच उलटून दुसऱ्या बाजूस ठेवला की दोन्ही पंख सारखे येतात. धारदार हत्यार मुलांच्या हाती देताना शिक्षकाने जवळ उभे राहावे.

प्रतिकृती तयार झाली म्हणजे काम संपले, असे मानू नये. खरे शिक्षण येथून पुढे आहे. प्रथम पट्टीने लांबी व विस्तार मोजावा. मग नाकाच्या टोकापासून दोन्ही पंखांच्या टोकांपर्यंत दोरा ताणून पाहावा. दोन्ही अंतरे सारखी नसतील तर पंख तिरका बसला आहे. शेपटीच्या टोकापासूनही तसेच करावे. नंतर प्रतिकृती सपाट मेजावर धरून पंखांची टोके मेजापासून सारख्याच उंचीवर आहेत की नाहीत, ते पाहावे. वहीत पाच रकाने आखावेत : भाग, असावयाचे माप, असलेले माप, फरक व उपाय. जास्त झालेले लाकूड कानशीने थोडे थोडे उतरवून पुनःपुन्हा मोजावे. कमी पडलेल्या जागी सरसात कालविलेला लाकडाचा भुसा भरून तो वाळल्यावर घासावा. पंख तिरका असेल तर तो सोडवून पुन्हा चिकटवावा. रंगाने दोष झाकू मात्र देऊ नये. रंग अगदी शेवटी.

या सर्व कामात शिक्षकाची भूमिका कोणती? ‘तुझा पंख वाकडा आहे’ असे आपण सांगितले, तर मूल खट्टू होते किंवा वाद घालते. दोरा त्याच्याच हाती दिला, तर दोष त्याला स्वतःला दिसतो, आणि वाद घालण्यास कोणी उरत नाही. मोजमाप गरीब-श्रीमंत, हुशार-मंद असा भेद करीत नाही. गुण देताना पहिल्या मोजणीतील फरक पाहू नये, शेवटच्या मोजणीतील पाहावा. आणि पाचही रकाने प्रामाणिकपणे भरणाऱ्यास विशेष शाबासकी द्यावी. बाजारात तयार भाग जोडण्याचे प्लॅस्टिकचे संच मिळतात. ते वापरले तरीही मोजणी व ही वही सोडू नये.

युद्धसामग्रीचे नमुने मुलांच्या हाती द्यावेत काय, अशी शंका काही जण घेतील. ती रास्त आहे. हे विमान माणसे मारण्यासाठी होते, ही गोष्ट आपण लपवू नये. त्या ६ सप्टेंबरच्या वैमानिकाची हकीकत मुलांना अवश्य सांगावी. यंत्राच्या सौंदर्याबरोबर त्याची किंमतही त्यांना कळली पाहिजे. ज्यांना हे नको वाटेल त्यांनी बैलगाडी, रहाट किंवा गावातील पूल निवडावा. पद्धत तीच राहील.

बंधुभगिनींनो, यांतील फारच थोडी मुले पुढे विमाने बांधतील. परंतु कोणी भिंत बांधील, कोणी शेताची मोजणी करील, कोणी औषधाचे माप घेईल. आपले काम आपणच मोजून पाहावे, फरक निघाला तर तो लिहावा आणि हाताने दुरुस्त करावा, ही सवय त्या वेळी त्यांच्या उपयोगी पडेल. ती लावण्याचे काम आपल्याकडे आहे.