परसातल्या खोलीला वारा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला दोन शब्द बोलायला सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मोठ्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण आपल्यापैकी पुष्कळजणींच्या परसात विटांची, वर पत्रा घातलेली एक लहानशी खोली असते. गोवऱ्या, सरपण, कांदे, मोडकी खुर्ची, सारे तिच्या पोटात. त्या खोलीने मला एक धडा शिकवला, तो सांगते.

माझे माहेर निफाड तालुक्यातले. दरवर्षी वैशाखात दादा दोन क्विंटल उन्हाळ कांदा आणून टाकतो. २०२४ साली तो मी खोलीत भिंतीशी रचला. खोली आठ फूट लांब, सहा फूट रुंद. त्याआधीच मी मोठ्या हौसेने तिची डागडुजी केली होती. भिंत आणि पत्रा यांच्यामधली फट उंदरांच्या भीतीने बुजवून टाकली, खिडकीला फळी ठोकली. म्हटले, आता मुंगीसुद्धा शिरायची नाही. मुंगी शिरली नाही, पण वाराही शिरला नाही. आषाढात दार उघडले की वास येऊ लागला. श्रावणात रास उपसली, तर खालचा अर्धा कांदा सडून पाणी झालेला. दादाने उन्हातान्हात पिकवलेला माल मी पाट्या भरभरून खड्ड्यात टाकला. राखीपौर्णिमेला त्याने "कांदा टिकला का गं?" म्हणून विचारले, तेव्हा मला मान वर करवेना.

तो रागावला नाही. खोलीत जाऊन आला आणि एवढेच म्हणाला, "अगं, कांदा जिवंत असतो. त्याला श्वास लागतो."

दिवाळीत माहेरी गेले तेव्हा कांद्याची चाळ मी नव्याने पाहिली. लहानपणी तिच्याखाली लपंडाव खेळलो, पण ती तशी का बांधतात हे कधी विचारले नव्हते. चाळीचा तळ जमिनीपासून दोनेक फूट उंच, त्यालाही फटी. बाजूंना बांबूच्या पट्ट्या. रास अरुंद, म्हणजे मधल्या कांद्यालाही वारा मिळतो. कांद्यातून ओल आणि ऊब निघते. ती वाऱ्याबरोबर निघून गेली तर कांदा टिकतो, कोंडली तर सडतो.

घरी येऊन मी आधी खिडकीची फळी काढली. वाटले, झाले काम. पण सासूबाई म्हणाल्या, "उदबत्ती लावून बघ." लावली. धूर वर गेला आणि पत्र्याखाली तसाच तरंगत राहिला. तेव्हा कळले, गरम हवा वर जाते, तिला वरूनच वाट हवी, आणि तिच्या जागी गार हवा यायला खालून वाट हवी. एकाच उंचीवरच्या एका खिडकीने दोन्ही कामे नीट होत नाहीत.

दुकानात छपरावर फिरणाऱ्या पंख्याची चौकशी केली. साडेतीन हजार आणि बसवण्याचे वेगळे. ते आमच्या आवाक्याबाहेरचे. मग गवंडी अर्धा दिवस बोलावला. आमचा पत्रा पूर्वेला उंच, पश्चिमेला उतरता. पूर्वेकडची बुजवलेली फट पुन्हा मोकळी केली. समोरच्या पश्चिमेच्या भिंतीतून, जमिनीपासून वीतभर वर, सुट्या सुट्या चार विटा काढल्या. आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, तो खालून शिरतो आणि वरून निघतो. भोकांचा तळ बाहेरच्या बाजूला उतरता ठेवला, म्हणजे पाणी आत येत नाही. दोन्हीकडे पाव इंची लोखंडी जाळी बसवली. डासांची प्लास्टिकची जाळी लावू नका. ती धुळीने बुजते आणि उंदीर ती कुरतडतात. मजुरी सहाशे, जाळी अडीचशे, सिमेंट-वाळू शंभर, असे साडेनऊशे रुपये झाले. आत विटांवर जुन्या खाटेच्या पट्ट्या टाकून फळ्यांचा माच केला. आता उदबत्तीचा धूर सरळ पूर्वेच्या फटीतून बाहेर जातो.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. धान्याची गोष्ट उलटी आहे. गहू-डाळींना पावसाळी हवा लागली की ओल धरते, म्हणून ते कडकडीत वाळवून झाकणाच्या कोठीतच भरावे. आणि वारा आहे म्हणून अशा खोलीत कोळशाची शेगडी पेटवून कुणी निजू नये. तिचा विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो.

२०२५ साली तेवढाच कांदा ठेवला. दर आठ दिवसांनी निवडत गेले. नवरात्रापर्यंत दहा-बारा किलोच टाकावा लागला. काही कांदा सडायचाच, पण पाट्या भरून टाकायची वेळ आली नाही. दिवाळीला दादा आला, तेव्हा त्याच्याच कांद्याची भजी तळली. त्याने दुसऱ्यांदा मागितली.

तर भगिनींनो, पैसे खर्च करण्याआधी एक उदबत्ती लावून पाहा. धूर कुठे अडतो ते ती सांगते. कुणाला आमची खोली बघायची असेल तर दुपारी चारनंतर अवश्य या, चहाही होईल.