साचे घालण्याआधी विचारून घेऊ या

गटाच्या बैठकीत कर्ज कशासाठी मागितलं जातं, ते आपल्याला पाठ आहे. शेळी, शिलाई मशीन, पोराची फी, दवाखाना. आता त्यात एक नवं कारण आलंय, मुलीचे दात. पुढे आलेले किंवा एकमेकांवर चढलेले दात सरळ करायचे, तेही तारा न लावता, पारदर्शक प्लास्टिकचे साचे घालून. याला अलायनर म्हणतात. मोबाईलवर जाहिरात येते, तालुक्याला दवाखान्याबाहेर फलक दिसतो. रक्कम मोठी असते, म्हणून कर्ज घेण्याआधी काय विचारायचं ते आज सांगतो.

आधी हे काम कसं चालतं ते पाहू. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याच्यावर हळूहळू दाब दिला की एका बाजूचं हाड विरघळतं, दुसऱ्या बाजूला नवं भरतं आणि दात सरकतो. एक साचा दात साधारण पाव मिलिमीटर सरकवतो. एक किंवा दोन आठवड्यांनी पुढचा साचा घालायचा. असे वीस-तीस, कधी त्याहून जास्त साचे लागतात. म्हणजे वर्ष-दीड वर्ष धरूनच चाला. दिवाळीनंतर लग्न आहे, तोवर दात सरळ करून द्या, असं कुणी म्हणत असेल तर ते जमणारं नाही. घाई केली तर मुळांना इजा होऊ शकते.

आता पहिला प्रश्न. तोंडात बघणार कोण? नुसता फोटो पाठवून किंवा मोबाईलने स्कॅन करून साचे घरपोच देतो म्हणणाऱ्यांपासून चार हात लांब राहा. डॉक्टरांनी तोंड उघडून बघायला हवं, एक्स-रे काढायला हवा. हिरड्या सुजलेल्या असतील, दातात कीड असेल, तर आधी त्याचा इलाज. आपल्याकडे मिश्री लावणाऱ्या बायका अजून कमी नाहीत आणि मिश्रीनं हिरड्या खराब होतात. दुखऱ्या हिरडीतला दात ओढायला गेलं तर तो हलायला लागतो. दातांचे नेहमीचे डॉक्टर बी.डी.एस. असतात. त्यापुढे तीन वर्षं शिकून एम.डी.एस. होतात आणि त्यातले दात सरळ करण्याचं शिकलेले ते ऑर्थोडॉन्टिस्ट. थोडी फट बुजवायची असेल तर गोष्ट वेगळी. पण जबडाच पुढे असेल किंवा दात काढावे लागणार असतील, तर आमच्या मते ऑर्थोडॉन्टिस्टलाच दाखवावं. आणि त्यांना स्पष्ट विचारावं, ‘डॉक्टर, हिचं काम साच्यांनी होईल, की तारांनी जास्त चांगलं होईल?’ गोल फिरलेला दात, फार वर राहिलेला सुळा, अशा कामांना बऱ्याचदा तारा बऱ्या पडतात. शिवाय बहुतेक ठिकाणी त्या स्वस्तही असतात. तारा दिसतात म्हणून मुली लाजतात, ते आम्हाला कळतं. पण दिसण्यासाठी दुप्पट पैसे द्यायचे की नाही, ते माहिती घेऊन ठरवू या.

दुसरा प्रश्न पैशाचा. ‘सगळं मिळून किती?’ असंच विचारा आणि कागदावर लिहून घ्या. एक्स-रे त्यात धरलाय का? साचा हरवला तर नव्याचे किती? ठरलेले साचे संपले आणि दात पुरते सरळ झाले नाहीत, तर पुढच्या साच्यांचे पैसे वेगळे का? असं पुष्कळ वेळा होतं. मध्येच दवाखाना बंद झाला किंवा डॉक्टर गाव सोडून गेले तर काय?

हा शेवटचा प्रश्न फार लांबचा वाटेल, पण तसं घडलेलं आहे. अमेरिकेत स्माईलडायरेक्टक्लब नावाची मोठी कंपनी टपालाने साचे पाठवायची. डिसेंबर 2023 मध्ये ती एकाएकी बंद पडली. कितीतरी लोकांचे दात अर्धवट सरकलेले होते, विचारायला कुणी उरलं नव्हतं. आणि हप्त्यावर घेतलेल्यांना कंपनीचा निरोप काय, तर हप्ते भरत राहा! म्हणून सगळे पैसे एकदम देऊ नका. काम जसं पुढे सरकेल तसे द्या. आणि हप्ता कुणाच्या नावावर चढतोय ते बघूनच सही करा. दवाखान्याचा हप्ता आणि फायनान्स कंपनीचं कर्ज या वेगळ्या गोष्टी आहेत.

आता जिच्या तोंडात हे साचे बसणार आहेत, तिला विचारायचं. दिवसाचे वीस ते बावीस तास साचे घालून राहावं लागतं. खाताना काढायचे, दात घासायचे, पुन्हा घालायचे. साचा तोंडात असताना फक्त साधं पाणी प्यायचं. गरम चहानं तो वाकडा होतो, गोड चहानं कीड लागते. कॉलेजात डबा खाल्ल्यावर चूळ भरायला नळ आहे का? ऊसतोडीला, खुरपणीला जाणारीला मातीच्या हातानं साचा काढता येईल का? आणि लग्नकार्यात तर कागदात गुंडाळून ताटाजवळ ठेवलेला साचा पत्रावळीबरोबर उकिरड्यावर जातो. डबी कायम जवळ हवी. पहिले दोन-तीन दिवस दात ठणकतात, बोलणं थोडं बोबडं होतं. काही दातांवर पांढरे बारीक ठिपके चिकटवतात, कधी दातांच्या मध्ये थोडं घासतात. हे सगळं आधी विचारून घ्या, म्हणजे नंतर पोरगी घाबरत नाही. आणि मुख्य म्हणजे तिला स्वतःला हे हवंय का? की बघायला आलेल्या पाहुण्यांपैकी कुणी काही बोललं म्हणून चाललंय? तिला नको असेल तर साचे उशाखाली पडून राहतात आणि दात आहेत तिथंच राहतात. आमच्या मते अशा कामाला गटाचा पैसा घालू नये.

आणखी एक. दात सरळ झाले की काम संपलं, असं नसतं. सोडले तर ते पुन्हा जागेवरून हलतात. म्हणून नंतर रिटेनर घालावा लागतो, आधी दिवसरात्र, मग रात्रीचा, तोही कित्येक वर्षं. तो झिजतो, तुटतो, पुन्हा करावा लागतो. त्याचा खर्चही त्याच कागदावर लिहून घ्या.

खर्च झेपत नसेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. तिथं हा विभाग असतो आणि खाजगीपेक्षा पैसे बरेच कमी लागतात. मात्र थांबावं लागतं आणि दर महिन्या-दीड महिन्याला चकरा होतात. जाताना मुलीचं आधार कार्ड घ्या, सकाळच्या पहिल्या एसटीनं निघा. भाडं आणि बुडणारी मजुरीही हिशोबात धरा.